नाकेबंदीतील रूळ: अमेरिकेच्या दक्षिणेतील रेल्वे, १८६१ ते १८६५

या प्रकरणाविषयी

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील बंडखोर राज्यांची रेल्वे शत्रूच्या आरमाराने घातलेल्या नाकेबंदीत चार वर्षे चालली आणि शेवटी मोडली. ती कशी चालवली गेली, कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय झाला आणि कोणता टाळला गेला, हे येथे मांडले आहे. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, धुळे या भागांत परमनंट वे (रूळमार्गाची देखभाल), वाहतूक किंवा लोको (इंजिन) विभागात काम करणारे आणि निवृत्त झालेले वाचक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. रेल्वे कंपन्यांचे अध्यक्ष आणि लष्कराचे वाहतूक अधिकारी यांची नावे गाळून त्यांची पदे तेवढी दिली आहेत. नावे आली की चर्चा माणसांच्या गुणदोषांकडे वळते. येथे पाहायचे आहे ते त्या पदावरच्या माणसापुढे त्या दिवशी कोणते पर्याय होते आणि त्याच्या हाती किती अधिकार होता, एवढेच.

पार्श्वभूमी

१९ एप्रिल १८६१ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. त्या वेळी बंडखोर राज्यांत सुमारे ९,००० मैल रेल्वे होती; संपूर्ण अमेरिकेत ती ३०,००० मैलांच्या आसपास होती. आकडा लहान नव्हता, परंतु हे जाळे कितीतरी लहान-मोठ्या खासगी कंपन्यांत विभागलेले होते आणि त्यांतील बहुतेक लाइनी आतल्या भागातील कापूस जवळच्या बंदरावर नेऊन पोचवण्यासाठी बांधलेल्या होत्या. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लांब पल्ल्याचा माल सलग नेता यावा, हा हेतू बांधताना कोणाच्याच मनात फारसा नव्हता. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, तेही एक नव्हते. बहुतेक ठिकाणी पाच फुटांचा, तर उत्तर कॅरोलिनात आणि व्हर्जिनियाच्या बऱ्याच भागात चार फूट साडेआठ इंचांचा गेज होता. दक्षिणेची पुढे राजधानी झालेले रिचमंड आणि पीटर्सबर्ग यांसारख्या शहरांत तर वेगवेगळ्या कंपन्यांचे रूळ एकमेकांना जोडलेलेच नव्हते. एका स्थानकावर माल उतरवायचा, गाड्यांतून शहरभर ओढत न्यायचा आणि दुसऱ्या स्थानकावर पुन्हा चढवायचा, अशी रीत होती. गाडीवान, हमाल आणि खानावळवाले यांचे पोट या तुटीवर चालत होते, त्यामुळे ती तूट भरून काढायला स्थानिक विरोधही होता. पाचोऱ्याला जामनेरच्या छोट्या गाडीतून उतरवलेला माल मोठ्या लाइनीच्या वॅगनमध्ये भरताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अशा एका अदलाबदलीत किती वेळ आणि किती हात लागतात हे सांगावे लागणार नाही. दक्षिणेत एका लांबच्या प्रवासात असे प्रसंग अनेकदा येत.

मालाची स्थिती याहून नाजूक होती. रूळ मुख्यतः ब्रिटनमधून किंवा उत्तरेकडील राज्यांतून येत. बरीचशी इंजिने फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीच्या कारखान्यांतली होती. दक्षिणेतला सर्वांत मोठा लोखंडी कारखाना म्हणजे रिचमंडचा ट्रेडिगार; त्याने पूर्वी इंजिनेही बांधली होती, पण युद्ध सुरू होताच तो तोफा ओतण्याच्या कामाला जुंपला गेला. अटलांटात एक रोलिंग मिल होती. याखेरीज मोठ्या प्रमाणावर रूळ लाटू शकेल असे फारसे काही नव्हते.

खानदेशच्या वाचकाला हे प्रकरण परके वाटू नये याचे एक ठोस कारण आहे. नेमक्या याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आपल्या भागातून पुढे सरकत होती. १८६१ मध्ये ती चाळीसगावला, १८६२ मध्ये जळगावला आणि १८६३ मध्ये भुसावळला पोचली. थळ घाटाचा अवघड टप्पा पूर्ण होऊन मुंबईशी सलग रूळ जुळले ते १८६५ मध्ये. या लाइनीचे रूळही ब्रिटनमधूनच येत, आणि सुएझचा कालवा १८६९ पर्यंत खुला नसल्यामुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला लागत. युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त कापूस अमेरिकेतून येत असे. तो थांबल्यावर मँचेस्टरची नजर पश्चिम भारताकडे वळली, कापसाचे भाव कधी नव्हेत इतके चढले आणि जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून पुढे आले. म्हणजे ज्या नाकेबंदीने तिकडच्या रुळांचा पुरवठा तोडला, तिनेच इकडच्या नव्या रुळांना भाडे मिळवून दिले. आपल्या लाइनीच्या पहिल्या भरभराटीचा दुसरा अर्धा भाग समुद्रापलीकडे घडत होता, आणि तो आपण फारसा वाचलेला नाही.

अडचण नेमकी काय होती

नाकेबंदीचा पहिला आघात लोखंडावर झाला. त्या काळचे रूळ पोलादाचे नव्हते, घडीव लोखंडाचे होते. ते मऊ असत, जड वाहतुकीखाली त्यांचे डोके चपटे होई, पापुद्रे सुटत आणि काही वर्षांत ते बदलावे लागत. एक यार्ड (तीन फूट) लांबीला ५० पौंड वजनाचा रूळ धरला तर एक मैल एकेरी मार्गाला सुमारे ७९ टन लोखंड लागते. ६० पौंडांचा धरला तर सुमारे ९४ टन. नाकेबंदी चुकवून येणारी जहाजे वेगासाठी बांधलेली, अरुंद आणि उथळ होती. अशा जहाजाची सगळी वखार रुळांनी भरली तरी मोजक्याच मैलांची सोय झाली असती, आणि तेवढ्याच वखारीत बंदुका, दारूगोळ्याचे साहित्य, कापड किंवा मद्य आणले तर मालकाला कितीतरी पट नफा होता. म्हणून रूळ जवळजवळ आलेच नाहीत.

रुळांमागोमाग इतर वस्तू संपू लागल्या. चाकांच्या धावा, बॉयलरच्या नळ्या, खिळे, कंदिलाचे आणि वंगणाचे तेल यांतली एकेक वस्तू किरकोळ वाटते. वंगण नसेल तर ॲक्सलबॉक्स (चाकाचा आस ज्यात फिरतो ती पेटी) तापतो आणि चांगली वॅगन वाटेत सोडून द्यावी लागते. लाकूड मुबलक होते, त्यामुळे इंधनाची आणि स्लीपरची चिंता मालाच्या दृष्टीने नव्हती. पण लाकूड तोडायला आणि कुजलेले स्लीपर बदलायला माणसे लागतात, आणि माणसेच नव्हती.

दक्षिणेतील रुळांवरचे कष्टाचे काम मोठ्या प्रमाणात गुलाम माणसांकडून करवून घेतले जाई. कंपन्या ही माणसे मळेवाल्यांकडून वर्षाच्या भाड्याने घेत किंवा स्वतः विकत घेत. हे राज्यच मुळी गुलामगिरी टिकवण्यासाठी उभे राहिले होते, आणि त्याची रेल्वे चालली पाहिजे होती असे म्हणण्याचा या लेखनाचा कोणताही हेतू नाही. परंतु ही वस्तुस्थिती बाजूला ठेवून हे प्रकरण समजत नाही, कारण शत्रूचे सैन्य जवळ आले की मळेवाले आपली माणसे रुळांवरून काढून आत हलवत, आणि संधी मिळाली की ती माणसे स्वतःच्या सुटकेसाठी उत्तरेच्या छावणीकडे जात. जो विभाग लढाईच्या सर्वांत जवळ, ज्याला दुरुस्तीची सर्वांत जास्त गरज, तोच विभाग आधी उघडा पडे. कुशल कारागिरांपैकी कित्येक उत्तरेचे होते आणि युद्ध सुरू होताच निघून गेले. उरलेल्यांवर सक्तीच्या लष्करभरतीची टांगती तलवार होती. रेल्वेच्या कामगारांना सूट होती, पण तिच्या अटी वारंवार बदलत.

अशा वेळी रेल्वे एका दिवसात बंद पडत नाही. आधी एका पुलावर वेगमर्यादा येते, मग एका वळणावर, मग संपूर्ण विभागावर. कॉशन ऑर्डरची, म्हणजे वेग कमी ठेवण्याच्या लेखी सूचनांची, यादी लांबत जाते. युद्धाच्या उत्तरार्धात कित्येक लाइनींवर गाड्या ताशी दहा मैल किंवा त्याहून कमी वेगाने चालत. वेग निम्म्यावर आला की वॅगन रिकामी होऊन परत भरायला यायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, म्हणजे नोंदवहीत वॅगनांची संख्या तीच राहूनही प्रत्यक्षात त्या अर्ध्याच उरतात. दक्षिणेतील सेनापती वॅगन कमी असल्याची तक्रार करत राहिले. रोग रुळांत होता आणि लक्षण वॅगनांत दिसत होते. हे ज्यांना कळत होते ते लाइनीवरचे लोक होते, आणि त्यांना निर्णयाचा अधिकार नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय १८६१ च्या वर्षापुरताच होता. तेव्हा उत्तरेकडे तीन हजारांहून अधिक मैलांच्या किनाऱ्यावर पहारा ठेवण्याइतकी जहाजे नव्हती. कापूस भरभरून बाहेर पाठवायचा आणि त्याच्या पैशांत रूळ, धावा, बॉयलरच्या नळ्या आणायच्या, हे त्या काही महिन्यांत शक्य होते. प्रत्यक्षात उलटे झाले. कापूस रोखून धरला की ब्रिटन आणि फ्रान्स आपल्या मदतीला धावतील, या विश्वासाने मळेवाले आणि व्यापारी यांनी आपणहून निर्यात थांबवली. सरकारने तसा कायदा केला नाही, पण त्याला मोडताही घातला नाही. या पर्यायाचा तोटाही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे: १८६० च्या पिकाचा मोठा भाग युद्धापूर्वीच विकून झाला होता आणि नवे पीक शरद ऋतूत हाती येणार होते, म्हणजे खिडकी अरुंद होती. तरीही ती होती, आणि ती आतून बंद करण्यात आली.

दुसरा पर्याय उपलब्ध रोलिंग मिलचा ठरावीक हिस्सा रुळांसाठी राखून ठेवण्याचा. येथे स्पर्धा आरमाराशी होती. लाकडी जहाजांना लोखंडी चिलखत चढवण्याची कल्पना १८६२ मध्ये यशस्वी ठरल्यावर प्रत्येक नदीवर असे जहाज हवे झाले. ‘अर्कान्सा’ या जहाजाचे चिलखत तर रेल्वेच्या रुळांचेच होते. तोफा, चिलखत आणि रूळ यांत कोणाला किती, याचे प्रमाण ठरवणारे कोणी नव्हते. जो अधिक जोराने मागे त्याला मिळे.

तिसरा पर्याय कमी महत्त्वाच्या शाखांचे रूळ उखडून मुख्य मार्गावर घालण्याचा. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत व्यवहार्य होता. पुढे दोन्ही महायुद्धांत भारतातही शाखा उखडून साहित्य परदेशी आघाड्यांवर पाठवले गेले. पण रूळ कंपनीचे, कंपनी भागधारकांची, आणि प्रत्येक शाखेच्या टोकाला एखादे गाव आणि त्या गावाचा प्रतिनिधी.

चौथा पर्याय संपूर्ण रेल्वे एका हाती घेण्याचा. उत्तरेने तसा कायदा ३१ जानेवारी १८६२ रोजी केला. उत्तरेतल्या कंपन्यांवर तो क्वचितच वापरावा लागला, कारण तो आहे हे सर्वांना माहीत होते. दक्षिणेची राज्यघटना मात्र राज्यांच्या हक्कांवर उभी होती, आणि दळणवळणाच्या सुधारणांवर केंद्रीय खजिन्यातून खर्च करायला तिने जवळपास मनाईच केली होती.

पाचवा पर्याय, वाहतूक कमी करून प्राधान्यक्रम लावण्याचा, फारसा चर्चेतही आला नाही. माझ्या मते तो सर्वांत स्वस्त होता.

काय केले गेले

एप्रिल १८६१ मध्ये मॉन्टगोमेरी येथे कंपन्यांच्या अध्यक्षांची बैठक झाली. सैनिकांना मैलाला दोन सेंट आणि लष्करी मालाला निम्मे भाडे लावायचे आणि मोबदल्यात सरकारी रोखे स्वीकारायचे, असे ठरले. देशभक्तीच्या त्या क्षणी हे उदार वाटले. पण खासगी मालाला पूर्ण भाडे आणि सरकारी मालाला निम्मे, तेही कागदात, अशी रचना झाली की स्टेशनमास्तरपुढे दोन वॅगनभर माल उभा असताना कोणता आधी जाईल हे वेगळे सांगायला नको. चलन घसरत गेले तशी ही दरी रुंदावत गेली. सट्टेवाल्यांचा माल पुढे गेला आणि लष्कराचे धान्य फलाटावर भिजले. रावेर-सावद्याची केळी आणि औष्णिक केंद्राचा कोळसा एकाच मार्गावर आले तर आधी कोण, हा प्रश्न आपल्याकडे कंट्रोलवर, म्हणजे गाड्यांचे नियंत्रण करणाऱ्या कक्षात, सुटतो; दक्षिणेत तो भाड्याच्या दरावर सोडून दिला होता.

जोडमार्गांची कामे काही प्रमाणात झाली, आणि त्यांचे श्रेय दिले पाहिजे. अलाबामातील सेल्मा आणि मिसिसिपीतील मेरिडियन यांना जोडणारा मार्ग लष्करी गरजेच्या नावाखाली सरकारी कर्ज देऊन १८६२ च्या अखेरीस कसाबसा उभा राहिला. व्हर्जिनियातील डॅनव्हिल आणि उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो यांच्यामधली पन्नास मैलांहून कमी अंतराची तूट भरायला मात्र १८६२ पासून मे १८६४ पर्यंतचा काळ लागला. उत्तर कॅरोलिनातील अनेकांना भीती होती की हा मार्ग झाला तर आपला व्यापार व्हर्जिनियाकडे वळेल. शेवटी रिचमंडचा बाकीचा आधार तुटल्यावर याच मार्गाने राजधानी काही महिने तगली. एवढ्या उपयोगाच्या कामाला दोन वर्षे लागली, ती प्रामुख्याने मजूर आणि लोखंड देण्याच्या वादांत.

डिसेंबर १८६२ मध्ये एका अनुभवी रेल्वे अधीक्षकाला कर्नलचा हुद्दा देऊन सर्व लष्करी रेल्वे वाहतुकीवर देखरेख सोपवण्यात आली. हा माणूस रुळांवर वाढलेला होता. त्याने गाड्यांचे वेळापत्रक कंपन्यांच्या सीमा ओलांडून जुळवण्याचा, वॅगनांची अदलाबदल करण्याचा आग्रह धरला. त्याला विनंती करता येत होती, हुकूम देता येत नव्हता. १८६३ च्या वसंतात सिनेटने त्याची नेमणूकच नाकारली आणि त्याच्या जागी त्याचा सहायक आला. त्याच वर्षी १ मेच्या कायद्याने असहकार करणाऱ्या कंपनीची इंजिने-वॅगन ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तो कागदावर राहिला. त्या वसंतात व्हर्जिनियातील सैन्याला रोजचे मांस चार औंसांवर आले होते आणि २ एप्रिलला रिचमंडमध्ये बायकांनी पावासाठी दुकाने फोडली होती; जॉर्जियात धान्य होते, ते आणणारा रूळ दमला होता.

जानेवारी १८६३ मध्ये कोणत्या लाइनींचे रूळ उखडता येतील हे ठरवण्यासाठी एक आयोग नेमला गेला. तिसरा पर्याय शेवटी स्वीकारला गेला तो असा, युद्धाच्या जवळजवळ मध्यावर.

एक निर्णय जवळून: फ्लोरिडाचा जोडमार्ग

या आयोगाच्या कामातील एक प्रसंग सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण त्यात प्रत्येक बाजूचे म्हणणे समजण्यासारखे आहे.

जुलै १८६३ मध्ये व्हिक्सबर्ग पडल्यावर मिसिसिपी नदीपलीकडच्या टेक्सासची गुरे पूर्वेला येणे थांबले. लष्कराला गोमांस पुरवू शकेल असा प्रदेश उरला तो फ्लोरिडा. परंतु फ्लोरिडाची रेल्वे जॉर्जियाच्या रेल्वेला कुठेच जोडलेली नव्हती. जॉर्जियातील लॉटन आणि फ्लोरिडातील लाइव्ह ओक यांच्यामध्ये सुमारे पन्नास मैलांची तूट होती. फेब्रुवारी १८६४ मध्ये ओलस्टीच्या लढाईसाठी जॉर्जियातून निघालेल्या फौजेला दोन्ही राज्यांच्या रेल्वेमधले अंतर पायी कापावे लागले. जोडमार्ग हवा याबद्दल वाद नव्हता. रूळ कुठून आणायचे हा वाद होता.

जवळच एक लाइन होती, अटलांटिक किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत द्वीपकल्प ओलांडून जाणारी. ती १८६१ मध्येच पूर्ण झाली होती आणि तिचे पूर्वेचे टोक मार्च १८६२ मध्ये शत्रूच्या हाती गेले होते. टोकाकडचे रूळ निरुपयोगी पडून होते. आयोगाची नजर त्यांच्यावर गेली. कंपनीचा अध्यक्ष एके काळचा सिनेटर होता आणि ती लाइन त्याच्या आयुष्याचे काम होते. त्याने राज्याच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला.

लष्कराचा युक्तिवाद असा: रूळ पडून आहेत, शत्रू आला तर तोच ते नेईल, सैन्य उपाशी आहे. अध्यक्षाचा युक्तिवाद असा: ही मालमत्ता भागधारकांची आहे, तिच्यावर कर्ज आहे, राज्याचे हितसंबंध आहेत, आणि आज एक तुकडा दिला की उद्या मागणी मधल्या रुळांची येईल. न्यायालयाने अध्यक्षाच्या बाजूने कौल दिला. १८६४ मध्ये एका तरुण लष्करी अभियंत्याने तो हुकूम बाजूला सारून रूळ उखडले. मार्ग १८६५ च्या सुरुवातीला, शरणागतीच्या काही आठवडे आधी, पूर्ण झाला, आणि त्यावरून सैन्याला फारसे काही पोचले नाही.

मला येथे दोष अध्यक्षाचा वाटत नाही आणि अभियंत्याचाही नाही. मनाई हुकुमाला उत्तर देणारी सोपी गोष्ट सरकारकडे होती आणि ती त्याने दिली नाही: रुळांची मोजदाद करून, वजन लिहून, युद्धानंतर तेवढेच लोखंड परत करण्याचा किंवा ठरावीक किंमत देण्याचा बांधील करार. भरपाईचे दर आधी जाहीर असते तर वाद रकमेचा झाला असता, हक्काचा नाही, आणि रकमेचा वाद रूळ हलवल्यानंतरही चालवता येतो. त्याऐवजी प्रत्येक लाइनीशी स्वतंत्र घासाघीस झाली, घसरत्या चलनात, आणि प्रत्येक अध्यक्षाला आपलीच लाइन एकटी बळी दिली जात आहे असे वाटत राहिले.

सप्टेंबर १८६३

याच महिन्यात दोन्ही बाजूंनी आपापल्या रेल्वेची परीक्षा घेतली. दक्षिणेचे सेनापती लॉन्गस्ट्रीट यांचे सुमारे १२,००० सैनिक व्हर्जिनियातून उत्तर जॉर्जियाकडे निघाले. पूर्व टेनेसीतून जाणारा सरळ मार्ग साडेपाचशे मैलांच्या आसपास होता. पण सप्टेंबरच्या आरंभीच नॉक्सव्हिल शत्रूने घेतल्यामुळे त्यांना दोन्ही कॅरोलिना आणि जॉर्जियातून सुमारे ९०० मैलांचा वळसा पडला, अनेक कंपन्यांच्या जीर्ण रुळांवरून, वाटेत गेज बदलत. चिकामॉगाची लढाई १९ आणि २० सप्टेंबरला झाली तेव्हा त्यांतील साधारण निम्मेच पोचले होते, आणि त्यांच्या तोफा मागे राहिल्या होत्या. तरी लढाई त्यांनी जिंकून दिली. थकलेल्या रुळांनी हे केले, याबद्दल त्या लाइनींवरच्या कामगारांच्या कौशल्याविषयी आदर वाटतो.

त्या पराभवानंतर उत्तरेने २०,००० हून अधिक सैनिक सुमारे १,२०० मैल बाराएक दिवसांत हलवले, तोफा आणि घोड्यांसह, आणि त्यांच्यामागून पुरवठा सतत येत राहिला. दक्षिणेची हालचाल एकदाच झाली. तिने रूळ आणि इंजिने आणखी झिजवली, आणि त्यांची भरपाई करायला काही नव्हते.

परिणाम

१८६४ मध्ये उत्तरेचे सेनापती शर्मन यांच्या सैन्याने जॉर्जियातील रूळ उखडून, स्लीपरच्या जाळावर तापवून झाडांभोवती पिळले. हा विध्वंस प्रसिद्ध आहे, आणि त्यामुळे रेल्वे शत्रूने मारली असा समज सहज होतो. पण अटलांटाच्या आधीच कित्येक मार्ग अर्ध्या क्षमतेवर आले होते. साबूत लोखंड आणि रूळ दुरुस्त करणाऱ्या कामगारांची तयार गँग असती तर पिळलेला रूळ बदलता येतो. उत्तरेच्या लष्करी रेल्वेने उडवलेले पूल काही दिवसांत पुन्हा उभे करून ते दाखवले होते. दक्षिणेकडे बदलायला दुसरा रूळच नव्हता.

उत्तर कॅरोलिनातील विल्मिंग्टन हे नाकेबंदी चुकवणाऱ्या जहाजांचे शेवटचे मोठे बंदर होते, आणि तेथून वेल्डनपर्यंत जाणारी १६१ मैलांची लाइन रिचमंडच्या सैन्याचा श्वास होती. या बंदरात येणाऱ्या जहाजांतील निम्मी जागा सरकारसाठी राखण्याचा आणि चैनीच्या वस्तू बंद करण्याचा नियम फेब्रुवारी १८६४ मध्ये आला. तेव्हाही ती जागा प्रामुख्याने शस्त्रे आणि अन्न यांनी भरली. ज्या लाइनीवरून ते पुढे जाणार तिचे खिळे आणि धावा यादीत खाली राहिल्या. १५ जानेवारी १८६५ रोजी या बंदराचे रक्षण करणारा फोर्ट फिशर हा किल्ला पडला आणि बंदर बंद झाले. सर्व रेल्वे युद्धमंत्र्यांच्या हाती देणारा कायदा फेब्रुवारी १८६५ च्या अखेरीस मंजूर झाला. ९ एप्रिलला दक्षिणेचे सेनापती ली शरण गेले.

वेगळे काय करता आले असते

रुळांचा प्रश्न १८६१ मध्ये वर्षानुवर्षांच्या हिशेबात मांडला गेला असता, तर बरेच बदलले असते. दर वर्षी किती टन रूळ झिजतात आणि किती टन लाटता येतात, हे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर पहिल्याच वर्षी स्पष्ट झाले असते की सगळे मैल टिकणार नाहीत. मग प्रश्न उरतो तो कोणते मैल टिकवायचे याचा. ही यादी शांततेत, नकाशा पुढे ठेवून करता येते. आयोगाने ती दोन वर्षांनी, प्रत्येक शाखेच्या विरोधाला तोंड देत केली. आपल्या भागात असा प्रसंग आला तर भुसावळहून खंडव्याकडे जाणारा आणि नागपूरकडे जाणारा मार्ग यांतला कोणता आधी, धुळ्याची शाखा कितपत, हे प्रश्न कोणालाही रुचणार नाहीत. रुचत नाहीत म्हणूनच ते संकटाच्या आधी विचारायचे असतात.

भाड्याची रचना उलटी हवी होती. सरकारी माल कंपनीला तोट्याचा असेल तोवर देखरेखीचे कितीही अधिकारी नेमले तरी वॅगन खासगी मालालाच मिळणार. पूर्ण भाडे द्यायचे आणि त्या बदल्यात गाड्यांचा क्रम ठरवण्याचा अधिकार घ्यायचा, हा सौदा १८६१ मध्ये कंपन्यांनी आनंदाने केला असता.

मिलचा एक ठरावीक हिस्सा, समजा चौथा, रुळांसाठी राखला असता तरी गरजेच्या निम्म्यानेही भागले नसते. पण मुख्य मार्गांवरची वेगमर्यादा वर्षभर पुढे ढकलली गेली असती. चिलखती जहाजांपैकी कित्येक पुढे त्यांच्याच खलाशांनी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जाळली, हे पाहता ते लोखंड कुठे अधिक कामाचे होते याबद्दल मला शंका नाही.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न, आणि येथे मला कोणताही पर्याय दिसत नाही. सरकार कंपन्यांकडून रूळ घेऊ शकत होते, कारागिरांना भरतीतून सूट देऊ शकत होते; पण रुळांवर राबणाऱ्या हजारो माणसांना टिकवून ठेवायला त्याच्याकडे देण्यासारखे काहीच नव्हते. मजुरी, सुट्टी, घरी परतण्याची हमी, यांतली एकही गोष्ट देणे म्हणजे ज्यासाठी युद्ध पुकारले तेच सोडून देणे होते. १८६५ च्या मार्चमध्ये गुलामांना सैनिक म्हणून भरती करण्याचा कायदा झाला, आणि त्यातही सुटकेचे वचन नव्हते. त्यामुळे लोखंड, भाडे आणि अधिकार यांचे सगळे निर्णय वेळेवर आणि बरोबर झाले असते तरी १८६४ च्या उन्हाळ्यात, सैन्य जॉर्जियात शिरले त्या आठवड्यांत, स्लीपर बदलायला माणूस मिळाला नसता.